गोळीचा वार आणि पाण्याचा वार

आमवात हा सांध्यांचा जुनाट, म्हणजे एकदा जडला की बहुधा जन्माची सोबत करणारा विकार असून त्यात बाहेरून आलेल्या जंतूंशी लढण्यासाठी असलेली शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा सांध्यांच्या आतल्या अस्तरावरच चालून जाते. आपलीच फौज उलटल्याचे छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकाला नवल वाटू नये; 1857 साली या शहरात इंग्रजांच्या हुकुमाखालील हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाने बंड केले आणि पकडलेल्या शिपायांना येथल्या काळ्या चबुतऱ्यावर देहदंड दिला गेला, अशी या जागेची ओळख सांगितली जाते. फरक इतकाच की त्या बंडवाल्यांना शहर आजही मानवंदना देते, तर सांध्यांतल्या बंडाच्या वेळी घरच्यांना निमूटपणे साहेबाच्या बाजूने उभे राहावे लागते.

हे बंड मोडणारे प्रमुख औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायचे असते आणि चुकून रोज घेतले तर जिवावर बेतू शकते. हे वेळापत्रक इतरांना जड जात असेल. चौकामागच्या गल्लीतल्या, आमवात जडलेल्या एका आईला मात्र त्याचे काही वाटत नाही, कारण पन्नासेक किलोमीटरवर पैठणला नाथसागर भरलेला असूनही ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेथील गृहिणीचे आयुष्य वारांच्या हिशेबातच गेलेले असते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत गोळीच्या वाराला फुली आणि पाण्याच्या दिवसाला गोल अशी तिची लिपी असून, फुली कधी हुकत नाही आणि गोल वरचेवर पुढे सरकतो, त्यामुळे दोहोंपैकी भरवसा कोणावर ठेवायचा हे तिने केव्हाच ठरवून टाकले आहे.

या विकारात सकाळी उठल्यावर तासभर किंवा त्याहूनही अधिक वेळ बोटे वळत नाहीत. त्याला सकाळचा ताठरपणा म्हणतात. नेमक्या त्याच वेळी नळ आला तर काय करावे, याविषयी वैद्यकाचे ग्रंथ मौन पाळतात. आई तोटी तळव्याने ढकलून सोडते, कळशीचा काठ कोपराच्या खोबणीत अडकवते आणि हंडा उचलायला धावलेल्या मुलाला ‘आधी गाळणं नीट धर’ म्हणून बाजूला सारते.

मूठ आवळणे आणि सोडणे हा नेमून दिलेला व्यायाम ती गॅलरीत करते. चौक आंदोलनांचा असल्याने (9 ऑगस्ट 2016 रोजी पहिला मराठा क्रांती मूक मोर्चा येथूनच निघाला) वर गेलेली ही मूठ पाहून खालून जाणारे कार्यकर्ते, मग पक्ष कोणताही असो, तिला हात उंचावून प्रतिसाद देतात, आणि तीही कोणाला नाराज करीत नाही.

दवाखान्यात दुखणे शून्य ते दहा या मापावर सांगावे लागते. शून्य म्हणजे मुळीच नाही आणि दहा म्हणजे असह्य. या प्रश्नाला भाजीमंडईच्या रिवाजाप्रमाणे ती ‘बाकीच्यांना किती असतं?’ असा प्रतिप्रश्न करते आणि उत्तर काहीही आले तरी तीनवर सौदा पक्का करते. बोटांची सूज पाहून डॉक्टर कागदावर सात लिहितात, हा भाग वेगळा.

फ्रेंच चित्रकार रेन्वार यालाही हाच विकार होता. बोटे वाकडी होऊन ब्रश दुसऱ्यांनी हातात द्यावा लागे, तरी तो अखेरपर्यंत रंगवीत राहिला आणि त्याच्या चित्रपट दिग्दर्शक मुलाने, ज्याँ रेन्वारने, पुढे वडिलांवर पुस्तक लिहिले. क्रांती चौकातल्या मुलाला तेवढी मोकळीक नाही. हातात झारा आणून देणाऱ्याला येथे स्वयंपाकघराबाहेर काढले जाते आणि कौतुकाचे दोन शब्द काढणाऱ्याला कोथिंबीर निवडायला बसवले जाते. अपवाद एकट्या लोणच्याच्या बरणीचा. तिचे झाकण आईच्याने फिरत नाही, पण तसे कबूल करण्याऐवजी ती बरणी मुलासमोर ठेवून ‘जिमचे पैसे भरतोस ना, बघू’ म्हणते, आणि झाकण निघाले की ‘मीच सैल करून ठेवलं होतं’ अशी नोंद करून बरणी परत घेते.