तिखट परवडली

दोन जुड्या मेथी आणि पाव किलो गवार घेतली की आमच्या भाजीवाल्या मावशी वर मूठभर मिरच्या पिशवीत टाकतात. नाही टाकल्या तर आपण मागतो, आणि टाकल्या तर "अजून दोन टाका की" म्हणतो. ढोबळी मिरचीच्या बाबतीत ही हिंमत आजवर कोणी केलेली नाही. ती तराजूत बसते, किलोचा भाव लावते आणि आतून पोकळ असूनही अर्धी पिशवी अडवते. तिखट फुकट आणि गोड महाग, हा कसला न्याय, असं मला नेहमी वाटायचं. यंदा पुण्यातल्या आमच्या गॅलरीत दोघींची रोपं शेजारी शेजारी वाढवली, तेव्हा बाजाराचा हिशेब किती चोख असतो ते कळलं. गोडाला भाव फळाचा नसतो, त्याच्या मिजाशीचा असतो.

दोघी तशा सख्ख्या बहिणी. वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी दोघींचं नाव एकच, कॅप्सिकम ॲन्युअम. माहेर अमेरिका खंडात. 16व्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून मिरची आपल्याकडे उतरली. त्याआधी आपले पूर्वज मिरी, पिंपळी आणि आल्यावर डोळ्यांतून पाणी काढायचे. दोघींच्या स्वभावात जो जमीनअस्मानाचा फरक आहे, तो मुख्यतः एका जनुकाचा. ते धड असेल तर कॅप्सेसिन तयार होतं आणि मिरची तिखट होते. बिघडलेलं असेल तर ढोबळी. विल्बर स्कोव्हिल नावाच्या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने 1912 साली तिखटपणा मोजायची पट्टी काढली. त्या पट्टीवर ढोबळीला शून्य गुण आहेत. शून्य गुण मिळवूनही जी एवढ्या तोऱ्यात राहते, तिच्याबद्दल आदरच वाटायला हवा.

मिरचीच्या बियांसाठी मला घराबाहेर पडावं लागलं नाही. सासूबाई नागपूरहून येताना भिवापूरच्या मिरच्या घेऊन येतात. त्यांच्या डब्याच्या तळाशी चिमूटभर बी होतंच. ढोबळीचं बी असं डब्यात सापडत नाही. फ्रिजमधली हिरवी ढोबळी चिरून तिच्यातलं बी पेरता येईल, असं ह्यांना वाटलं होतं. पण हिरवी ढोबळी म्हणजे कच्चं फळ आणि कच्च्या फळातलं बीही कच्चं, ते बहुधा रुजतच नाही. लाल-पिवळ्या पिकलेल्या ढोबळीचं बी रुजतं, पण ती बहुतेक संकरित असल्यामुळे लेक आईवर जाईलच याची हमी नसते. तेव्हा पाकीट विकत आणलं. आत बिया मोजून भरलेल्या. बियांना औषध चोळलेलं असल्यामुळे मुलांपासून दूर ठेवायची सूचनाही वर होती. अजून रुजलीही नव्हती, तर ही ऐट.

मृग लागल्यावर प्रो-ट्रेमध्ये कोकोपीट आणि गांडूळखत भरून दोन्ही बिया पेरल्या. पाऊण पेराहून खोल नाही, एका खळग्यात एक. मिरचीच्या बियांना साधारण पंचवीस ते तीस अंश ऊब लागते आणि ती आपल्याकडे जूनमध्ये फुकट मिळते. माझी नणंद इंग्लंडमध्ये असते. तिथला उन्हाळा इतका आखूड की फेब्रुवारीतच खिडकीपाशी बी पेरावं लागतं, ट्रेखाली विजेची गादी घालून. हे ऐकल्यावर सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "मिरचीले गादी!" एवढंच त्या म्हणाल्या आणि संध्याकाळपर्यंत अधूनमधून मान हलवत राहिल्या.

भिवापूरकरणी आठवड्याभरातच डोकं वर काढून उभ्या राहिल्या. ढोबळीचा पत्ता नाही. हे रोज सकाळी चष्मा लावून ट्रेवर वाकायचे आणि माती उकरून बघू का, असं विचारायचे. मी तुषारसिंचनाची बाटली घेऊन दोन्ही ट्रेंवर फवारा मारत होते. तेवढ्यात सासूबाई आल्या. "काऊन वं, त्या मिरचीले का न्हाऊ घालून राहिली?"

त्यांचं बरोबर होतं. पावसाळी दमट हवेत सतत ओली माती म्हणजे बुरशीला आमंत्रण. काल ताठ उभं असलेलं रोप आज जमिनीलगत पिचून आडवं होतं. याला शेतकरी मर म्हणतात. आडवी झाली ती अर्थातच ढोबळीची, नुकतीच जन्माला आलेली. मग पाणी कमी केलं, पंख्याचा वारा दिला, शेजारच्या काकांनी सुचवल्याप्रमाणे गाळलेली राख भुरभुरवली. उरलेली वाचली. मिरचीच्या ट्रेलाही तेवढंच पाणी पडलं होतं. तिथे काहीही झालं नाही.

पुढचं संकट कबुतरांचं. पुण्यात गॅलरी आपल्या नावावर असते आणि ताबा कबुतरांकडे. कोवळे शेंडे खुडलेले दिसल्यावर काकांनीच उपाय सांगितला, कुंड्यांभोवती लाल तिखट पसरा. स्वतःच डबा घेऊन आले आणि ऐन वाऱ्यात पसरलं. पुढचा पाव तास काका आमच्या बेसिनपाशी शिंकत होते आणि कबुतरं कठड्यावर बसून त्यांच्याकडे बघत होती. पक्ष्यांना कॅप्सेसिनचा तिखटपणा जाणवतच नाही. उंदीर-खारींसारखे प्राणी मिरची चावतात, तेव्हा बी ठेचलं जातं. पक्षी खातात, तेव्हा ते न मोडता पोटातून जातं आणि लांब जाऊन पडतं. म्हणजे तिखटपणा ही मिरचीने मुळात आपल्यासारख्यांना लावलेली पाटी आहे, 'हात लावू नये'. आपण ती वाचली आणि ठेचा केला. कबुतरांसाठी शेवटी जाळीच बसवावी लागली.

साधारण सहाव्या आठवड्यात रोपं कुंड्यांत गेली आणि दोघींचे स्वभाव उघडे पडले. मिरचीला हाताला येईल ती बारा इंची कुंडी दिली, ती तिच्यात रमली. ढोबळीला सकाळचं ऊन हवं, दुपारचं नको. पाणी हवं, पण साचलेलं नको. फांद्या नाजूक, म्हणून काठीचा आधार हवा. आपल्याकडे शेतकरी तिला शेडनेटमध्ये नाहीतर पॉलिहाऊसमध्ये का ठेवतात, हे मला तेव्हा उमगलं. ह्यांनी गॅलरीत हिरवी जाळी बांधली. तिच्यामुळे ढोबळीला सावली मिळाली आणि आमचे कपडे वाळायचे बंद झाले.

श्रावणात ढोबळीची पानं वळायला लागली. याला बोकड्या म्हणतात. फुलकिडे, कोळी आणि पांढरी माशी यांचा हा उद्योग. पांढरी माशी तर येताना विषाणूही घेऊन येते. काकांनी सांगितलेला घरगुती फवारा होता लसूण आणि हिरव्या मिरचीचा. म्हणजे एका बहिणीला वाटून दुसरीवर शिंपडायची. त्याने भागेना, तेव्हा सासूबाईंनी दृष्ट काढली. मीठ, मोहऱ्या आणि आमच्याच डब्यातल्या लाल मिरच्या घेऊन ढोबळीवरून ओवाळल्या. नंतर त्या मिरच्या गॅसवर धरल्या, तर घरभर ठसका उठला. गोडाची दृष्ट काढायलाही जळावं लागतं ते तिखटालाच. शेवटी निंबोळी अर्क आणि रोगट शेंड्यांची छाटणी, यांनी काम केलं. श्रेय मात्र दृष्टीला गेलं.

नवरात्रात ढोबळीला फुलं आली. ह्यांनी फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. मग ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला आणि फुलं टपाटप गळाली. दिवसाचा पारा बत्तीस-तेहतिसाच्या पुढे गेला की ढोबळीला फळ धरवत नाही. शेजारची मिरची त्याच उन्हात फुलत होती, धरत होती आणि आम्ही तोडत होतो.

याच सुमारास काकांनी नवी शंका काढली. तिखटाशेजारी गोड लावलंय, परागकणांनी ढोबळी तिखट होईल. तसं होत नाही. परागकण कोणाचेही असोत, फळाची भिंत आईच्या गुणाचीच राहते. फरक पडतो तो आतल्या बीत. म्हणजे संगतीचा परिणाम या पिढीत दिसत नाही, पुढच्या पिढीत दिसतो. हे ऐकून काकांनी आपल्या नातवाबद्दल बरंच काही सांगितलं.

डिसेंबरच्या थंडीत ढोबळी एकदाची धरली. मुठीएवढी, चकचकीत. पीठ पेरून भाजी केली, तर चौघांच्या पानांत चव पाहण्यापुरती आली. बाजूला वाटीभर ठेचा होता, गॅलरीतल्याच मिरच्यांचा. सासूबाईंनी भाकरीवर ठेचा घेतला आणि निकाल दिला. "मिरची माह्यासारखी हाय. बोलते, पण राबते." ढोबळी कोणासारखी, हे त्या बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त लेकाकडे पाहिलं.

तर ज्यांच्या घरी एकाच कुंडीची जागा आहे, त्यांनी बिनदिक्कत मिरची लावावी. आठवड्यातून दोनदा तोडत राहिलं की ती आणखी धरते आणि नीट छाटलं तर पुढच्या वर्षीही साथ देते. ढोबळी ज्याला हौस, जाळी, काठी आणि समजूतदार कुटुंब आहे त्याने लावावी. आमच्या पाकिटात थोडं बी उरलंय. गोड स्वभावावर ज्यांचा अजून विश्वास आहे, त्यांनी ते खुशाल घेऊन जावं.