कॉट नंबर तीन

२०२५च्या १७ मार्चला दुपारी माझा भाचा दहावीचा शेवटचा, भूगोलाचा पेपर देऊन घरी आला, चपला काढल्या आणि आडवा झाला. ताईनं त्याला उठवलं नाही. म्हणाली, "झोपू दे लेकराला. परवापासून अकरावी हाय."

पूर्वी शाळा आणि कॉलेज यांच्या मधे उन्हाळ्याची सुटी नावाचा एक मुलूख लागायचा. त्यात आंबे होते, विहिरी होत्या, पत्त्यांचा डाव होता आणि मुक्कामाला मामाचं गाव होतं. तो मुलूख आता नकाशावरून गेला आहे. मामा या नात्यानं सांगतो, आमचा धंदाच बसला.

तर परवा उजाडला आणि भाच्याला लातूरला सोडायची कामगिरी माझ्याकडे आली. आता नांदेडात क्लास नाहीत असं कुणी म्हणू नये. श्यामनगर, भाग्यनगर, बाबानगर या भागात किराणा दुकान शोधावं लागतं, बायॉलॉजी दारातच मिळते. मी स्वतः तिथून हाकेच्या अंतरावर राहतो आणि मामीच्या हातच्या भाकरीला आजवर कुणी नावं ठेवलेली नाहीत. पण दाजींचं म्हणणं एकच: "नातेवाइकात राहिलं की अभ्यास होत नसतोय. लातूर ते लातूर."

लोहा मागे टाकून एसटी अहमदपूरच्या स्टँडवर थांबली. चहाच्या टपरीवर शेजारी एक गृहस्थ उभे होते. सोबत मुलगी, पत्र्याची पेटी, गुंडाळलेली गादी, निळी बादली. आमच्याकडेही भाचा, पेटी, गादी आणि निळी बादली. बिऱ्हाडं इतकी सारखी की ओळख करून घ्यायची गरजच नव्हती.

"कुठं निघालाव?"

"नांदेडला. पोरीला क्लासला सोडायलोय. तुमी?"

"लातूरला. तुमचं गाव कोणतं?"

"लातूरच की."

आम्ही दोघांनीही कपात बघितलं. मग मी धीर करून विचारलं, "का हो, लातुरात क्लास नाहीत का?" ते म्हणाले, "हायत की रग्गड. पण घरी राहिलं की अभ्यास होत नाही." तिथल्या तिथं लेकरांची अदलाबदल करून आम्ही आपापल्या गावी परतलो असतो, तरी देशाच्या डॉक्टरसंख्येत एकाचाही फरक पडला नसता. पण कंडक्टरनं घंटी मारली. ते नांदेडच्या गाडीत चढले, मी लातूरच्या.

लातुरात खोली भाड्यानं मिळत नाही, कॉट मिळते. आम्हाला तीन नंबरची मिळाली. मालक सज्जन होता. पहिलं वाक्य बोलला ते, "पाण्याची काही अडचण नाही बघा." २०१६ साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी पुरवलं, तिथं हे वाक्य नमस्काराच्या ठिकाणी वापरतात. मग नियम सांगितले. मोबाइल साधा. पाहुणा दहा मिनिटं. मोठ्यानं बोलायचं नाही, गाणं तर नाहीच. मला उगाच इतिहास आठवला. आपला मुलूख निजामाकडे होता तेव्हा, १९३८ साली, हैदराबादच्या उस्मानियात वसतिगृहातल्या पोरांनी 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून त्यांना काढून टाकलं होतं. त्यात मराठवाड्याचीही पोरं होती. नागपूरच्या विद्यापीठानं त्यांना पदरात घेतलं. निदान त्यांना गाणं म्हणावंसं तरी वाटत होतं. आमच्या खोलीतल्या एक आणि दोन नंबरच्या कॉटवरची मुलं, मालकानं मनाई केली नसती तरी, गाण्याच्या बेतात दिसत नव्हती.

तीन नंबरच्या कॉटला लागून भिंत होती. बसल्यावर डोकं टेकतं तेवढ्या उंचीवर त्या भिंतीवर तेलाचा एक गोल काळपट डाग होता, ताटलीएवढा. आधीच्या मुलानं दोन वर्षं तिथं डोकं टेकलं होतं, त्याच्या आधीच्यानंही. शेजारी पेन्सिलीनं भिंगाचं सूत्र, त्याखाली 'दिवस उरले' असं लिहून खोडलेले आकडे. शेवटचा न खोडलेला आकडा ९ होता. पुढे त्या पोराचं काय झालं हे मालकाला आठवत नव्हतं. भाचा कॉटवर बसला, मागं टेकला आणि त्याचं डोकं बरोबर त्या डागावर बसलं. जणू मापच घेतलं होतं. मी उठलो आणि गादीला चादर आणायच्या निमित्तानं गंजगोलाईत गेलो. तिथं सोळा रस्ते येऊन मिळतात. चौकात उभं राहून माणसाला कुठं जायचं ते कळत नाही, पण निदान सोळा दिशा आहेत एवढं तरी दिसतं.

संध्याकाळी पालकांचं मार्गदर्शन होतं. शाळेतून पुढं गेलेल्या मुलाला नव्या वातावरणात रुळायला मदत करायची असते, असं मी वाचलं होतं. ती मदत अशी: सर मंचावर आले आणि म्हणाले, दोन वर्षं तुमचा मुलगा मेला असं समजा. टाळ्या पडल्या. ताईला हे मी सांगितलं नाही.

१३ मेला दहावीचा निकाल लागला, तोवर भाच्याच्या अकरावीच्या सात टेस्ट झाल्या होत्या. ९६.४० टक्के पडले आणि घरात सुतक आलं. कारण त्या वर्षी शंभर टक्के घेणारी मुलं राज्यात २११, त्यातली ११३ एकट्या लातूर विभागात आणि आमचा नांदेड जिल्हा नेमका त्याच विभागात. 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आणि खेळ-चित्रकलेचे वाढीव गुण धरून का होईना, शंभर ते शंभर. शेजारचे पेढे घेऊन आले. दाजींनी पेढा हातात धरला आणि म्हणाले, "आमच्याचं जरा कमीच पडलं." अहो, ३.६० टक्क्यांनी! आमच्या वेळी तेवढ्यात माणूस दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीतही जात नव्हता.

मग आठवलं की पोराला कॉलेजही लागतं. त्याच वर्षी सरकारनं अकरावीचे ऑनलाइन प्रवेश पहिल्यांदाच अख्ख्या महाराष्ट्राला लावले होते. २१ मेला अर्ज सुरू झाले आणि संकेतस्थळानं पहिल्याच दिवशी मान टाकली. फेऱ्या रेंगाळल्या. मुंबई-पुण्यात आईबाप हवालदिल. आमच्याकडं कुणाच्या कपाळावर आठी नाही. दहा कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना दाजींची कसोटी एकच: तिथं हजेरी लागते का? जिथं प्राचार्य कडक, ग्रंथालय चांगलं, प्रयोगशाळा चालू, ती कॉलेजं पटापट बाद झाली. शेवटी रस्त्याकडेचं एक सापडलं. त्याची ख्याती अशी की तिथं गेल्याचं कुणी सांगत नाही. "नावाला पाहिजे," दाजी म्हणाले. "कॉलेज एकीकडं, क्लास एकीकडं. सगळेच करतेत."

इथं एक गंमत सांगायलाच हवी. ज्याच्या नावानं हे सगळं चालतं तो 'लातूर पॅटर्न' जन्मला कॉलेजात. ऐंशीच्या दशकात राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात प्राध्यापक मंडळी जादा तास घेत, सुटीत शिकवत, प्रश्नसंच सोडवून घेत, पुन्हा पुन्हा परीक्षा घेत. मुंबई-पुण्याबाहेरची, खेड्यातली पोरं गुणवत्ता यादीत झळकली ती कॉलेजच्या बाकावर बसून. पुढं वाघमारे सर नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. पॅटर्न मात्र कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडला, गल्लीत गेला, जिना चढला, बॅनरवर फोटो लावून बसला. मागं कॉलेजची इमारत तेवढी उरली. २०१८ साली सरकारनं काही विभागांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढून पाहिला. बोट कॉलेजात आणि बाकीचा विद्यार्थी क्लासात कसा ठेवायचा, एवढाच प्रश्न त्यातून निघाला.

आता सल्लागार मंडळी म्हणतात, शाळेतून कॉलेजात जाताना मुलं बावरतात, त्यांना हात द्या. कबूल. पण बावरायला आधी कॉलेजात जावं लागतं. शासनाचा मार्ग जास्त सोपा आहे. २०२०च्या शैक्षणिक धोरणानं नववी ते बारावी हा एकच टप्पा करून टाकला. पायरीच काढली की ठेच लागत नाही. २०२४च्या जानेवारीत केंद्रानं क्लासवाल्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली: सोळा वर्षांखालची मुलं घेऊ नका, दहावीची परीक्षा झाल्यावरच घ्या. आमच्याकडं आठवीच्या 'फाउंडेशन'ची पत्रकं त्यानंतरही पेपरातून येतच आहेत, त्यामुळं ती तत्त्वं सोळा वर्षांची झाल्यावर लागू होणार असावीत.

नांदेडकर म्हणून एक दुखरी जागा आहे, तीही सांगून टाकतो. आमच्या पीपल्स कॉलेजला एक प्राचार्य होते, नरहर कुरुंदकर. इंटरला नापास झालेले. आजच्या हिशेबानं दाजींनी त्यांना रिपीटरच्या बॅचला घातलं असतं आणि मराठी वाङ्मय, इतिहास, राजकारण, नाट्यशास्त्र हे सगळं 'सिलॅबसबाहेर' म्हणून कॉटखाली सारलं असतं.

गणपतीत भाचा दोन दिवस घरी आला. शहाणा झाला होता, म्हणजे गप्प झाला होता. ताईनं विचारलं, "भाजी कोणती करू, भेंडी का वांगं?" तो थांबला. बराच वेळ थांबला. मला आधी वाटलं, पोराला ऐकू कमी येतंय की काय. मग ध्यानात आलं: नीटला बरोबर उत्तराचे चार मिळतात, चुकलं तर एक वजा. खात्री नसली की प्रश्न सोडायचा. त्यानं भाजीचा प्रश्न सोडला. ताईनं दोन्ही केल्या.

मग वार्षिक परीक्षा जवळ आली आणि प्रात्यक्षिकाला कॉलेजात जाणं भाग पडलं. भाच्याला स्वतःचं कॉलेज सापडेना. पंक्चरवाल्याला विचारलं, त्यानं बोट दाखवलं. फाटकावरच्या वॉचमननं विचारलं, "कुणाला भेटायचंय?" आत केमिस्ट्रीची लॅब उघडली होती; टेबलावर धूळ, पण ब्युरेट धुऊन ठेवलेली. निवृत्तीला आलेले एक सर एकटेच होते. समोर चाळीस पोरं, त्यातली बहुतेक त्यांनी पहिल्यांदाच पाहिलेली. ते रागावले नाहीत म्हणे. एकेकाच्या हाताला धरून दाखवत होते: डाव्या हातानं तोटी, उजव्या हातानं फ्लास्क, हलवत राहायचं, घाई करायची नाही.

त्या रात्री भाच्यानं मालकाच्या फोनवरून घरी फोन केला. एरवी त्याचे फोन अर्ध्या मिनिटाचे: जेवलो, टेस्ट झाली, ठेवतो. त्या दिवशी सहा मिनिटं बोलला. ताईनं स्पीकर लावला होता, मी तिथंच होतो. "मामा, आधी काहीच होत नाही बघा. थेंब थेंब थेंब सोडत राहायचं. आन् मग एका थेंबाला ना, एकदम गुलाबी! मी आधी जास्तीचं टाकलं तर पार राणी कलर झाला. सर म्हणले, सांड ते, परत कर. तिसऱ्यांदा आला एकदम फिक्का, आता उडतो की काय असा. सर म्हणले, हां, ह्योच."

फोन ठेवल्यावर ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग माझ्याकडं वळून काळजीनं म्हणाली, "का रे, हे नीटला असतंय का?"