हा आवाज आजचा नाही

“बंद कर.”

मी बंद केली.

“आता चालू कर.”

मी चालू केली. मागच्या सीटवर सासूबाई, शेजारी पैठणी नेसलेली बायको, तिच्या मांडीवर आहेराचं ताट. मुंजीचा मुहूर्त नऊ छत्तीसचा, घड्याळात नऊ वाजून पाच मिनिटं. आणि आमच्या सोसायटीचे टॅपेटकाका, पायजमा-बनियनवर, हातात दुधाची पिशवी, माझ्या फियाटच्या बोनेटला कान लावून, डोळे मिटून उभे. पलीकडून कोणी ट्रंककॉलवर बोलत असावं असा चेहरा. पिशवीतलं पाणी थेंब थेंब बंपरवर पडत होतं.

“हा आवाज,” डोळे न उघडता काका म्हणाले, “आजचा नाही.”

आम्ही पोचलो तेव्हा मंगलाष्टकं आटोपून पहिली पंगत बसत होती. सासूबाई तेव्हापासून ‘टॅपेट’ हा शब्द शिवी म्हणून वापरतात. “कोण, तो टॅपेट?” असं त्या एकदा नात्यातल्या एका गृहस्थांबद्दलही म्हणाल्या, आणि सगळ्यांना नेमकं कळलं.

तुमच्या सोसायटीतही हे काका असणारच. नाव वेगळं असेल, बनियनऐवजी टी-शर्ट असेल. ते स्वतः गाडी बाळगत नाहीत आणि गॅरेजमध्ये त्यांनी कधी नोकरीही केलेली नसते. आमचे काका पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. इंजिनाशी त्यांचा सरकारी संबंध इतकाच, की साहेबांच्या जीपचं लॉगबुक त्यांच्या कपाटात असे. पण तुम्ही पार्किंगमध्ये किल्ली फिरवलीत की तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडते, आणि दोन मिनिटांत चपलांचा आवाज येतो.

आता ते वाक्य. वरवर साधं वाटतं. कोणी “तुमच्या गाडीचा आवाज येतोय” म्हटलं तर आपण “हो का, बघतो” म्हणून मोकळे होतो. पण ‘हा आवाज आजचा नाही’ म्हटल्यावर तारखेचा प्रश्न येतो, आणि तारीख आली की आरोप आला. म्हणजे आवाज येत होता आणि तुम्ही कानात बोळे घालून बसला होता. इंजिन बिचारं सांगत होतं, तुम्ही रेडिओ मोठा करत होता. “कधीपासून आहे?” काका विचारतात. “कालपासूनच,” आपण चाचरत म्हणतो. काका पुन्हा कान लावतात, क्षणभर थांबतात आणि म्हणतात, “दिवाळीपासून.” सर्व्हिस बुकातलं पान उघडून वाचल्यासारखं.

पुढे पुढे या वाक्याला गाडीही लागेनाशी झाली. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर कुरकुरली: हा आवाज आजचा नाही. आमच्या मिक्सरमध्ये खोबऱ्याची चटणी वाटताना काका साखर मागायला आले, वाटी हातात तशीच राहिली: हा आवाज आजचा नाही. भजनी मंडळाच्या पेटीचा भाता, चेअरमनसाहेबांचा उजवा गुडघा, पहिल्या मजल्यावरच्या नवराबायकोचं भांडण. या शेवटच्याबद्दल काका जिन्यात थांबून अगदी हळू म्हणाले होते, आणि ते खरं निघालं. सहा महिन्यांनी त्या घराची दारावरची पाटी बदलली, नुसतं तिचं नाव राहिलं. काकांनी त्याचं श्रेय घेतलं नाही. पण पाटीसमोर थांबून त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, एवढं खरं.

माझी फियाट 1991 ची, मामाकडून आलेली. कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, पण तिला पद्मिनी म्हणताना मी कोणाला ऐकलेलं नाही. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, आणि वळताना अख्खं अंग लावावं लागतं. 1089 सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह. हे आकडे माझ्या मुलीला पाढ्यांच्या आधी पाठ झाले, कारण काकांनी तिला आमच्याच ओट्यावर स्टीलची वाटी आणि चमचा घेऊन शिकवणी दिली. वाटी म्हणजे व्हॉल्व्हचं डोकं, चमचा म्हणजे रॉकर. मध्ये केसभर फट ठेवायची, कारण तापलं की लोखंड वाढतं. फट जास्त झाली की चमचा वाटीवर आपटतो: टिक. “क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदाच फिरतो. गाडी उभी असताना क्रँक मिनिटाला आठशे फेरे मारतो. मग एक ढिला टॅपेट मिनिटाला किती वेळा वाजेल?” पोरगी म्हणाली, चारशे. काकांनी तिला खिशातली श्रीखंडाची गोळी दिली. मला कधी दिली नाही. माझं उत्तर बरोबर आलं तेव्हासुद्धा.

ते वाजवूनही दाखवत, वाटीवर, सेकंदाला सहा-सात. ही टॅपेटची टिकटिक. मग चमचा उलटा करून लाकडी पोळपाटावर, जड हातानं: ही खालची, कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची ठकठक, “ही ऐकू आली तर गाडी तिथंच उभी कर आणि रिक्षा कर.” मग ओठांनी चक्‌-चक्‌-चक्‌, पाल बोलल्यासारखं. हा मॅनिफोल्डमधून धूर निसटण्याचा. मधेच टिकटिकीचा वेग चाकाबरोबर वाढत असेल, इंजिन रेस केल्यावर नाही, तर टायरच्या खाचेत खडा अडकलाय. तो काढायला चावीचं टोक पुरतं आणि त्याचे पैसे कोणी घेत नाही, म्हणून गॅरेजवाले हा आवाज ओळखत नाहीत. हे मत काकांचं.

मत काकांचं खरं, पण मला ते पुढे मान्य करावं लागलं. एका थंडीत माझ्या गाडीला चक्‌-चक्‌ सुरू झाली. मी मुद्दाम काकांना चुकवून, पहाटे, गाडी ढकलत गेटबाहेर नेऊन चालू केली आणि एका मोठ्या गॅरेजात गेलो. तिथल्या मुलानं बोनेट उघडलं, बंद केलं आणि सांगितलं, “हाफ इंजिन करावं लागेल.” आकडा ऐकून मी टेकायला जागा शोधू लागलो. परत आलो तर काका गेटवरच उभे.

“ढकलत नेलीस,” ते म्हणाले. “किती सांगितले?”

सांगितले.

त्यांनी वरून फूटभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर आणला. टोक इंजिनवर, मूठ कानामागच्या हाडावर, डोळे मिटलेले. मग हाताला फडकं गुंडाळून एकेका प्लगची टोपी काढून पाहिली. “बेअरिंग असतं तर त्या सिलिंडरचा प्लग काढल्यावर आवाज दबला असता. दबतोय का? नाही दबत.” मग काहीच न करता दहा मिनिटं नुसतं उभं राहायला लावलं. चहा आला. चहा संपेपर्यंत इंजिन तापलं आणि चक्‌-चक्‌ आपोआप गेली. “गरम झाल्यावर जातो. म्हणजे फट आहे ती तापल्यावर बुजते.” गाडी बंद करून, थंड करून त्यांनी आरसा धरला. तिसऱ्या सिलिंडरच्या तोंडाशी मॅनिफोल्डवर काजळाचं बोट ओढल्यासारखी काळी रेघ होती. नाना पेठेतून गॅस्केट आणलं, कोपऱ्यावरच्या झाडाखालच्या मिस्तरीनं दोन नट आवळले. हाफ इंजिनाचा मामला दोन चहांत मिटला. त्याची किंमत मी पुढे दोन वर्षं दिली, कारण रोज सकाळी जिन्यात काका माझ्या प्रकृतीआधी मॅनिफोल्डची प्रकृती विचारत.

एकदाच मी त्यांना घाबरलेलं पाहिलं. दुसऱ्या एका मिस्तरीला मी दटावून सांगितलं होतं की मला टिकटिक अजिबात नको, आणि त्यानं आठही टॅपेट कसून आणले. इंजिन असं काही मऊ चाललं, की मी मोठ्या ऐटीत काकांसमोर गाडी उभी केली. काकांनी कान लावला. काहीच नाही. चेहरा उतरला.

“फटच ठेवली नाही रे त्यानं. व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आता. जाळ त्याच्या कडेनं निसटतो आणि कड जळत जाते.” मग खिशातून फट मोजायचं फिलर गेज काढलं. पात्यांचा तो छोटा जुडगा त्यांच्या खिशात पेनाशेजारी असायचाच. “वाजणारा टॅपेट बोलतो तरी. गप्प झाला की समज, आत जळतोय.”

चौथ्या मजल्यावर इलेक्ट्रिक गाडी आली तेव्हा काकांनी तिच्याभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. मालक कौतुकानं म्हणाला, “काका, आवाजच नाही!” काका म्हणाले, “मग दुखलं तर सांगणार कशी?” आणि पुन्हा कधी तिच्याकडे फिरकले नाहीत.

ते फिलर गेज खिशात का, हे मी पुष्कळ वर्षं विचारलं नव्हतं. विक्षिप्त माणसाचं सामान म्हणून सोडून दिलं होतं. काकूंनी सांगितलं. काकांच्या वडिलांची 1978 ची फियाट होती. मुलाच्या परदेशी शिक्षणाचे पैसे भरायच्या वेळी ती गेली, तीही भंगारात, कारण जुन्या फियाटला तेव्हा कोणी विचारत नव्हतं. भंगारवाला ती चालवत घेऊन गेला. काका गेटपाशी उभे. “गाडी दिसेनाशी झाली तरी हे उभेच,” काकू म्हणाल्या. “म्हटलं, अहो चला आता. तर म्हणाले, थांब, अजून ऐकू येतीये.”

30 ऑक्टोबर 2023 ला मुंबईच्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा दिवस भरला. 2003 साली ताडदेवला नोंदलेली, वीस वर्षांची मर्यादा संपलेली. व्हॉट्सॲपवर तिचे व्हिडिओ फिरत होते, लोक हळहळत होते, कोणाला लहानपण आठवत होतं, कोणाला मरीन ड्राइव्ह. मी एक व्हिडिओ काकांना दाखवला. त्यांनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. फोन घेतला आणि सरळ कानाला लावला.

“तिसरा टॅपेट,” ते म्हणाले. “हा आवाज आजचा नाही.” आणि फोन परत देताना नाक शिंकरलं.

त्याच सुमारास काका दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबून वर्तमानपत्र वाचायला लागले होते. रोज. कधी कधी कालचं. मी त्याच मजल्यावर राहतो. दार उघडलं की काका कठड्याला टेकून अग्रलेख वाचत असायचे, मी “काय म्हणतोय पेपर?” विचारून खाली उतरायचो. मिनिटाला चारशे टिकटिकी मोजणाऱ्याच्या शेजारी राहूनही तो श्वास मला ऐकू आला नाही.

पावसाळ्यात चक्कर आली तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीवर स्टेथस्कोप ठेवला, बराच वेळ ठेवला. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तर काका उशीला टेकून बसले होते, आणि चेहऱ्यावर चक्क समाधान.

“माणूस माहितगार आहे,” ते म्हणाले. “झडपेचा आवाज आहे म्हणतो. व्हॉल्व्हचाच की रे! मी विचारलं, कधीपासून? तर काय म्हणाला असेल?”

मी गप्प.

“म्हणाला, काका, हा आवाज आजचा नाही.”

नवी झडप बसवली. कार्बनची, दोन पाळ्यांची. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर, आणि ते किती पातळ आहे याची दर थोड्या दिवसांनी तपासणी. “ऑइलचं ग्रेड सांभाळायचं,” काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आणि ही झडप वाजते. खरोखर वाजते, उघडझाप करताना, शांत खोलीत शेजारच्याला ऐकू येईल इतकी.

“पहिले आठ दिवस डोळ्याला डोळा नाही,” काकूंनी मला सांगितलं. “उशाला घड्याळ ठेवल्यासारखं. टिक टिक टिक. म्हणून मी पंखा पाचवर करायची.”

“आणि आता?”

“आता मधेच जाग येते आणि उठून पंखा बंद करते,” काकू म्हणाल्या. “ऐकू आलं की मग लावते परत.”

काल सकाळी मी गाडी चालू केली. वरची खिडकी उघडली. चपलांचा आवाज यायला या वेळी बराच वेळ लागला. काका आले, बोनेटकडे गेलेच नाहीत. माझ्या खिडकीशी वाकले.

“बंद कर.”

मी बंद केली.

“आता ऐक,” म्हणाले, आणि दातांच्या डॉक्टरसमोर बसल्यासारखं तोंड मोठ्ठं उघडलं. तोंड उघडलं की आवाज स्वच्छ येतो, हा त्यांचा नवा शोध. भर पार्किंगमध्ये, वॉचमन आणि दूधवाल्यादेखत, मी त्यांच्या तोंडाशी कान नेला. टिक. टिक. टिक. बारीक, कोरडा, एकसारखा.

“फट बरोबर आहे,” मी म्हणालो.

“आयडलिंगला आहे,” काका म्हणाले. “थांब, दोन जिने चढून येतो. रेसवर ऐक.”

आणि खरंच निघाले. वर गॅलरीतून काकू ओरडत होत्या, “अहो! अहो, काय चाललंय?” मी हातातली किल्ली न फिरवता तसाच बसून राहिलो, जिन्यातल्या चपला मोजत.