पाठीकडून वाचणारा माणूस

काही माणसं चालण्यावरून ओळखू येतात, काही खाकरण्यावरून. आमचे भावोजी ओळखावेत ते खाण्याचं पाकीट हातात कसं धरतात त्यावरून. ते पाकीट सरळ धरतच नाहीत. पुढच्या बाजूला गव्हाच्या लोंब्या, धावणारी सडपातळ बाई, हसणारा सूर्य असं काय काय छापलेलं असतं, ते त्यांच्या लेखी परक्या मांडवातलं लग्न. पाकीट हातात आलं की ते उलटं होतं, चष्मा कपाळावर जातो, नाक कागदाला टेकतं आणि ओठ पुटपुटायला लागतात. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, गृहस्थ विष्णुसहस्रनाम म्हणताहेत. प्रत्यक्षात ते कर्बोदकांच्या रकान्यात असतात.

डिसेंबरात ताईकडे लखनौला गेलो. पुष्पक एक्स्प्रेस धुक्यातून वाट काढत उशिरानं लागली. भावोजी स्टेशनवर हजर. प्रवास कसा झाला, सोलापुरात थंडी किती, यातलं काही विचारायच्या आत त्यांनी माझ्या पिशवीत हात घातला. आईनं जावयासाठी जवसाची चटणी दिली होती, स्टीलच्या डब्यात, वर फडकं बांधून. भावोजींनी डबा घेतला, सवयीनं उलटा केला, तळ पाहिला. तळावर आईच्या लग्नाची तारीख कोरलेली होती.

"ह्यावर काहीच लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

"जवस आहे."

"ते झालं नाव. माहिती कुठंय?"

डबा रिक्षात ताईच्या मांडीवर गेला आणि तिथून स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर. त्याचा पुढचा इतिहास नंतर.

यात भावोजींचा फार दोष नाही. माणूस नोकरीनं घडतो. रेल्वेची आरडीएसओ नावाची संशोधन आणि मानकं ठरवणारी संस्था 1957 पासून लखनौत आहे, आणि ती ज्या भागात आहे त्याचं नावच मानकनगर. रुळावर आणि रुळाखाली जे जे म्हणून बसवलं जातं ते किती जाड, किती लांब, किती दाबाला टिकणारं असावं हे तिथं ठरतं. भावोजींचा जन्म मिलिमीटरचे अंश मोजण्यात गेला. अशा माणसाला एके दिवशी प्रयोगशाळेनं कागद दिला की तीन महिन्यांची सरासरी साखर 6.1 आहे, म्हणजे मधुमेह नाही पण उंबऱ्यावर उभा आहे, तर तो घाबरत नाही. खूश होतो. त्याला घरातल्या घरात मोजायला काहीतरी मिळालेलं असतं.

आधी दीक्षित डाएट झालं. दिवसातून दोनदाच जेवायचं आणि प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांत संपवायचं. भावोजींनी स्टॉपवॉच घेतलं. चोपन्नाव्या मिनिटाला ते पानावर असे तुटून पडत की ताई म्हणे, सबंध दिवस जेवत होते तेव्हा कमी खात होते. मग कुणीतरी सांगितलं, कर्बोदकं कमी करा. ते मनाला भिडलं, कारण त्यात वजाबाकी होती. भात गेला, पोळी दोनावर आली, साबुदाण्याची खिचडी एकादशीसकट हद्दपार झाली. या पथ्याचा मूळपुरुष विल्यम बँटिंग हा लंडनचा, अंत्यविधीची व्यवस्था करणारा गृहस्थ. त्यानं ब्रेड, साखर, बटाटे, बिअर सोडून वजन उतरवलं आणि 1863 साली त्यावर पुस्तिका काढली. स्वीडिश भाषेत पथ्य करण्याला आजही त्याच्याच नावाचं क्रियापद आहे. हे भावोजींनी मला रिक्षातच सांगितलं. गिऱ्हाईकं जास्त दिवस जगली तर त्याच्या धंद्याचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, "विषयाला धरून बोल."

ज्या शहरात मराठी माणसानं छाती फुगवून सांगावं असं नाव भातखंडे, तिथंच आमच्या घरातला भात खंडित व्हावा, हा योग मोठा. पंडितजींनी सारे राग दहा थाटांत बसवले आणि 1926 साली लखनौत संगीताचं कॉलेज उभं केलं. आज तिथं त्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. भावोजींनी खाद्यपदार्थांचे दोनच थाट केले, चालतो आणि चालत नाही. दुसऱ्या थाटात अख्खं लखनौ आलं. पुरी-आलू, खस्ता, जिलबी-दही, शीरमाल, निहारीबरोबरचा कुलचा, बन-मख्खन. या शहरात सकाळी घराबाहेर पडणं म्हणजे मैद्याच्या फौजेतून एकट्यानं चालत जाणं. राहिलं चिकन. तेही इथं कुर्त्यावर काढतात.

दुपारची, रात्रीची सोय भाज्या, पनीर, डाळीवर लागली. अडलं नाश्त्याला. ताई म्हणाली, अंडी खा. भावोजींचं उत्तर मी जन्मात विसरणार नाही. म्हणाले, "अंड्यावर लेबल नसतं."

तेव्हा वाडग्यात ओतायचं, दूध घालायचं, चमच्यानं खायचं, खोक्यातून निघणारं आणि तरीही कर्बोदकं नसलेलं असं काहीतरी हवं होतं. म्हणजे लोखंड नको पण रूळ हवेत. तरी शोध सुरू झाला, आणि त्या आठवड्यात मी त्यांचा हमाल म्हणून हजरतगंज, गोमतीनगर, अलीगंज पालथं घातलं.

दुकानदार लखनौचे. गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नाही.

"भाईसाहब, यह ले जाइए, बिल्कुल शुगर-फ़्री है।"

"साखर नाही हो, कार्ब!" भावोजी मराठीतच.

"जी, वह भी इसमें भरपूर है।"

कॉर्नफ्लेक्सच्या पाठीवर शंभर ग्रॅममागे चौऱ्याऐंशी. भावोजी म्हणाले, "उरलेल्या सोळात पुठ्ठा धरला असणार." ओट्सवर छाती निरोगी असल्याचं चित्र आणि मागे सहासष्ट. "निदान दहा ग्रॅम फायबर तरी आहे," असं म्हणून त्यांनी ओट्सला पासापुरते गुण दिले. म्युस्लीत मनुका. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापतात; त्यात साखर पाचवी दिसली म्हणून जरा हायसं वाटलं, तर तिसऱ्या जागी मध, चौथ्या जागी ग्लुकोजचा पाक. "एकाच घरातले तिघं वेगवेगळ्या आडनावानं राहताहेत," भावोजी म्हणाले. मखाण्यावर मात्र त्यांचा जीव होता. हलका, पांढरा, उपासाचा, चावताना आवाज न करणारा. त्यात कर्बोदकं कुठून येणार? पाकीट उलटं केलं. सत्त्याहत्तर. पोह्यांइतकीच. भावोजी बराच वेळ ते पाकीट धरून उभे होते. जवळच्या माणसानं फसवल्यावर होतो तसा चेहरा.

शेवटी एका मोठ्या दुकानात, वरच्या मजल्यावर, गिऱ्हाइकं क्वचितच जातात अशा कोपऱ्यात 'कीटो ग्रॅनोला' सापडला. पिशवी तळहाताएवढी. किंमत अशी की त्यात अमीनाबादेत बऱ्यापैकी चिकनकारी कुर्ता आला असता. मागे लिहिलं होतं, एका वेळचं प्रमाण वीस ग्रॅम. "हा चिमणीचा नाश्ता झाला," मी म्हटलं. "चिमणीला डायबेटिस होत नाही," भावोजी म्हणाले, आणि खाली वाचता वाचता थांबले. गोडव्यासाठी खजूर.

परदेशी खोक्यांनी वेगळाच घोळ घातला. एकूण कर्बोदकांतून फायबर वजा केलं की उरतात ती खरी, हे सूत्र भावोजींनी फ्रिजवर चिकटवलं आहे. पण अमेरिकन लेबलावर फायबर कर्बोदकांतच धरलेलं असतं, युरोपातल्या लेबलावर ते आधीच बाजूला काढलेलं. हे कळेपर्यंत एका युरोपीय डब्यातून फायबर दोनदा वजा झालं आणि तो डबा आठवडाभर या घरात जवळजवळ पाण्याच्या दर्जाला पोचला होता.

खरं तर या साऱ्या खोकेबाजीचा उगम रुग्णांच्या पथ्यातच आहे. अमेरिकेत बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात डॉक्टर केलॉग आणि त्यांचे धाकटे भाऊ यांनी 1894 च्या सुमारास गव्हाच्या शिळ्या लगद्यापासून पापुद्रे काढले, पचायला हलके आणि मुद्दाम बेचव. पुढे धाकट्यानं त्यात साखर घालायची ठरवली, थोरले बिघडले, आणि 1906 मध्ये धाकट्यानं स्वतःची कंपनी काढली. भावाभावांत वाटणी झाली की गोडवा धाकट्याकडे जातो, हे आपल्याकडेही पाहण्यात आहे. तीच कंपनी 1994 च्या सुमारास भारतात आली तेव्हा कुरकुरीत फ्लेक्सवर आपण पिढीजात सवयीनं गरम दूध ओतलं आणि अर्ध्या मिनिटात लापशी करून खाल्ली. आमची ताई आजही तशीच खाते. तिची साखर 5.2 आहे. भावोजींसमोर हा आकडा काढायचा नसतो.

बाजार संपल्यावर भावोजींनी मानकनगरी मार्ग धरला. बाजारात वस्तू नसेल तर आराखडा आपण करायचा. पांडेगंजच्या गल्ला मंडीत जाऊन जवस घेतले. तिथल्या व्यापाऱ्यानं "अलसी किस मर्ज़ के लिए चाहिए?" असं आस्थेनं विचारलं, तेव्हा भावोजींनी त्याला शंभर ग्रॅम जवसात एकोणतीस ग्रॅम कर्बोदकं आणि त्यातलं सत्तावीस ग्रॅम फायबर, हे वहीत मांडून दाखवलं. व्यापाऱ्यानं शांतपणे ऐकलं आणि "सुब्हानअल्लाह" म्हणून वजनात मूठभर वाढवून घातले. मग तीळ, सुकं खोबरं, बदाम, भोपळ्याच्या बिया. घरी सोन्याचा काटा वाटावा असा वजनकाटा निघाला. वहीत शीर्षक पडलं: 'प्रातःकालीन मिश्रण, सुधारणा पहिली'. खोबरं किती भाजायचं यावर दुसरी सुधारणा झाली. तीळ तडतडून काट्यावर उडाले म्हणून तिसरी.

चौथी दुधानं झाली. मिश्रण सुरेख जमलं होतं, वाडग्यात जेमतेम दोन ग्रॅम कर्बोदकं. त्यावर पेलाभर दूध ओतलं आणि चमचा तोंडाशी नेताना भावोजींना आठवण झाली की दुधाचं लेबल वाचायचं राहिलं. दोनशे मिलीला दहा ग्रॅम. म्हणजे ज्याच्यासाठी लखनौ पालथं घातलं त्याच्या पाचपट माल ज्यात भिजवायचा त्यातच. तो वाडगा मी संपवला. दूध बाद झालं, त्या जागी घट्ट टांगलेलं दही आलं. दूध गेल्यावर भरड टोचायला लागली, म्हणून मिश्रण खलबत्त्यात बारीक झालं. नुसतं बारीक घशात चिकटायला लागलं, म्हणून चिमूटभर मीठ आलं. सुधारणा सहावी.

सातव्या दिवशी ताईनं त्यांच्या वाडग्यात डोकावून पाहिलं.

"अहो, ही जवसाची चटणी आहे."

"हे सीरिअल आहे."

"दह्याबरोबर जवसाची चटणी. तिखट विसरलात आणि भाकरी टाकलीत, एवढंच."

भावोजी वही उघडून बराच वेळ तिच्याकडे न बघता बसले. मला वाटलं, आता वरच्या फळीवरचा डबा खाली येणार. पण दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि त्यांनी मला पहाटे सहाला उठवलं. "चौकात जाऊ. अभ्यास म्हणून."

गोल दरवाज्यापाशी धुक्यात परातींवर पिवळसर फेसाचे डोंगर रचलेले होते. मख्खन-मलाई. दूध हिवाळ्याच्या रात्री दवात ठेवायचं, पहाटेच्या आत घुसळून त्याचा नुसता फेस उचलायचा, त्यावर केशर, पिस्ता. ऊन चढलं की विरघळते, म्हणून थंडीतच आणि सकाळीच. लखनौनं नाश्त्याच्या बाबतीत जे काही केलं आहे त्यात हे सर्वांत श्रेष्ठ, हे माझं मत, आणि ते निहारीवाल्यांच्या तोंडावर सांगायची माझी तयारी आहे. त्यात साखर असते. चांगली असते.

विक्रेत्यानं द्रोण पुढे केला. "नोश फ़रमाइए, हुज़ूर।"

भावोजींनी द्रोण घेतला. सवयीनं खालून पाहिला. पळसाचं पान.

"लेबल नाही," मी म्हटलं.

"गरज नाही," भावोजी म्हणाले. "ह्यात बहुतांश हवा आहे. हवेत कर्बोदकं शून्य."

त्यांनी तीन द्रोण हवा खाल्ली. चौथ्याला मला म्हणाले, "पहले आप." मी घ्यायच्या आत तो त्यांनीच संपवला.

निघताना भावोजींनी सहाव्या सुधारणेचं किलोभर मिश्रण आईसाठी बांधून दिलं, सोबत दोन पानी माहितीपत्रक. आईनं चिमूटभर तोंडात टाकलं, माझ्याकडे पाहिलं आणि न बोलता लसूण सोलायला घेतला. तिखट, जिरं आणि आणखी मीठ घालून ते पुन्हा कुटलं, त्याच आकाराच्या दुसऱ्या स्टीलच्या डब्यात भरलं आणि लखनौला जाणाऱ्या शेजाऱ्याच्या मुलाबरोबर पाठवून दिलं. डब्यावर तिनं एक कागद चिकटवला होता: 'जवसाची चटणी. भाकरीबरोबर खाणे.' कागद डब्याच्या तळाला होता.