सर, पाकळीवालं घ्या!

घरात पहिला कॅमेरा आला की नव्या नवरीसारखे त्याच्यावर दागिने चढू लागतात. पट्टा, पिशवी, तिकाटणं सगळं येतं, आणि मग कुणीतरी भुवया उंचावून विचारतं, "हूड नाही घेतलंत?"

भिंगाच्या तोंडावर बसणाऱ्या या हूडचं काम साधं आहे. तिरकं ऊन भिंगावर पडलं की फोटोवर पांढुरकी झाक येते, रंग फिकटतात, मधेच रंगीत ठिपके उमटतात. हूड ते ऊन अडवतं. (हल्ली त्या ठिपक्यांना 'सिनेमॅटिक' म्हणतात. तशी आवड असणाऱ्यांनी पैसे वाचवावेत.) पण हूड घ्यायचं असतं ते लग्नात मामांनी "प्रोफेशनल दिसतोय हां!" म्हणावं म्हणून, आणि हे दुकानदार पुरतं ओळखून असतो. तो पाकळ्यांचं हूड पुढे सरकवतो. "सर, पाकळीवालं घ्या. युनिव्हर्सल आहे."

आता पाकळ्या शोभेच्या नसतात. फोटोची चौकट आडवी, म्हणून वरखालच्या पाकळ्या लांब आणि बाजूच्या आखूड. कॅननच्या जुन्या १८-५५ आयएस-२ भिंगाचं तोंड फोकस करताना गरागरा फिरतं. त्यासोबत पाकळ्याही फिरतात, लांब पाकळी बाजूला येते आणि फोटोचे कोपरे काळे होतात. कंपनीनं त्याला ईडब्ल्यू-६०सी हे बिनपाकळ्यांचं हूड नेमलंय. ते लावून कुणी प्रोफेशनल दिसत नाही, पण मामा फोटोत पूर्ण मावतात.

मापाची वेगळीच गंमत. भिंगावर १८-५५ लिहिलेलं, म्हणून नवखा आटे फिरवून बसवायचं ५५चं हूड मागतो. ती झाली फोकल लेंग्थ. लागतो तो तिरकी रेघ मारलेल्या शून्यापुढचा आकडा. कॅननच्या या भिंगावर तो ५८ आहे. निकॉनच्या एएफ-पी १८-५५वर मात्र नेमका ५५! म्हणजे निकॉनवाला न वाचताही पास. खटकन अडकवायचं हूड हवं असेल तर मिलिमीटर विसरा, भिंगाच्या माहितीपत्रकातला हूडचा क्रमांकच दुकानात सांगा.

हळदीला कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश उघडणार असाल तर हूड आधी उतरवा, नाहीतर फोटोच्या तळाशी काळी अर्धगोल सावली पडते आणि नवरीचे पाय त्यात जातात. आणि क्रमांक जुळत नसेल तर काहीच घेऊ नका. उन्हाच्या बाजूनं भिंगावर तळहात धरा, तेवढं पुरतं. फक्त करंगळी चौकटीत येऊ देऊ नका.