बदली जैसलमेर: रुजू होण्यापूर्वी वाचावे

बदलीचा आदेश हातात पडला की माणूस आधी नकाशा उघडतो. उघडू नये. नकाशात जैसलमेर देशाच्या पार डाव्या कडेला, जरा धक्का लागला तर पलीकडे पडेल अशा बेताने टेकलेलं दिसतं, आणि ते पाहून घरातल्या ज्येष्ठांचा रक्तदाब वाढतो. बँक, रेल्वे, टपाल खातं, सीमा सुरक्षा दल, पवनचक्क्यांची कंपनी, अशा कोणत्याही निमित्ताने जे मराठी कुटुंब वाळवंटात संसार मांडायला निघालं असेल त्याच्यासाठी पुढील सूचना आहेत. त्या पाळल्याने त्रास टळेल असं नाही. कोणता त्रास कोणत्या महिन्यात होणार, एवढं मात्र आधी कळेल.

सीमेचा विषय सुरुवातीलाच उरकून घेऊ, कारण तिच्याबद्दल सांगण्यासारखं सगळ्यांत कमी आहे. जैसलमेरहून रामगड साठेक किलोमीटर, तनोट सव्वाशेच्या आसपास आणि कुंपण त्याच्याही पुढे. मुंबईकराला पुणे जेवढं जवळ, तेवढीच गावाला सीमा जवळ. कुंपणापर्यंत जायला परवाना लागतो. तो काढून, दिवसभर जीप हाणून तुम्ही पोचता तेव्हा तारा दिसतात, दिव्यांचे खांब दिसतात आणि तारांपलीकडे अलीकडच्यासारखीच वाळू दिसते. ही गोष्ट गावाकडे कळवू नये. तिकडे काकांनी सोसायटीच्या सभेत ‘आमचा पुतण्या बॉर्डरवर असतो’ असं जाहीर केलेलं असतं आणि त्या जोरावर पार्किंगची जागाही मिळवलेली असते. तुम्ही बँकेत पीककर्जाच्या फायली बघता, हे सांगून त्यांची गाडी रस्त्यावर आणू नका.

वाळूला मात्र परवाना लागत नाही. शाहगडच्या बाजूला टेकड्याच्या टेकड्या सरकतात, कुंपणावर चढतात, आणि जवानांना ते उकरून मोकळं करावं लागतं. घुसखोर येऊन गेला का, हे इथे वाळूवरच्या पावलांवरून ओळखतात. ही पावलं वाचणाऱ्याला पगी म्हणतात. उंट ओझ्याचा होता की रिकामा, माणूस दमलेला होता की ताजा, हे जुना पगी नुसत्या ठशावरून सांगतो. ही विद्या तुम्हालाही घरबसल्या येईल. मे महिन्यात रात्री आंधी येऊन गेली की सकाळी फरशीवर पिठासारखी बारीक, पिवळट वाळू सारखी पसरलेली असते. त्यावर धाकट्याची पावलं फ्रिजपर्यंत जाऊन परत आलेली असतात, परतीची जरा घाईची, आणि मध्येच टाच घसरलेली. झाडण्याआधी पाहून घ्यावं.

आता पाणी. इथे मात्र सावकाश वाचा.

नळाला येणारं पाणी पंजाबातून आलेलं असतं. सतलज आणि बियास यांच्या संगमाखाली हरिके इथे बंधारा आहे. तिथून निघालेला इंदिरा गांधी कालवा, ज्याचं काम १९५८ मध्ये सुरू झालं, पंजाब-हरियाणाचा कोपरा ओलांडून साऱ्या पश्चिम राजस्थानातून जैसलमेर जिल्ह्यात मोहनगडकडे उतरतो. हिमालयातलं बर्फ वितळून तुमच्या बादलीत येतं. या विचाराने भारावून जाण्यास हरकत नाही, पण भारावताना नळ चालू ठेवू नये. उन्हाळ्याच्या तोंडाशी दुरुस्तीसाठी कालवा बंद ठेवतात, त्याला ‘नहरबंदी’ म्हणतात. हा शब्द वर्तमानपत्रात दिसला की बाकीचं वर्तमानपत्र वाचायला न बसता टाकी भरून घ्यावी. देशात काय चाललं आहे ते टाकी भरल्यावरही तसंच चाललेलं असतं. टँकरवाल्याचा नंबर साहेबांच्या नंबरच्या वर असावा. साहेब रजेवर असला तर चालतं.

जुन्या पिढीची आंघोळीची पद्धत शिकून घ्या. खाटेवर बसायचं, खाली परात ठेवायची. अंगावरून ओघळलेलं पाणी परातीत जमा होतं, त्यात कपडे धुवायचे, आणि उरलेलं जनावरांच्या वाट्याला. भांडी कोरड्या वाळूने घासायची. ती चकचकीत निघतात, साबणापेक्षाही. इकडची म्हण अशी की तूप सांडलं तर काही बिघडत नाही, पाणी सांडलं तर जीव जळतो. आपल्याकडे पाहुण्याला पाणी देतात आणि चहाचं विचारतात. इथे कोणी मडक्यातलं पाणी पुढे केलं तर तो मोठा मान समजून प्यावं, अर्धा पेला टाकून उठू नये. ‘नको, आत्ताच पिऊन आलो’ हे तर बिलकुल म्हणू नये. त्याचा अर्थ इथे भलताच होतो.

पावसाची सरासरी वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर. महाबळेश्वरला श्रावणात एखाद्या दिवसात एवढा पडून जातो. तेवढ्या पावसावर इथे गहू-हरभरा काढणारे लोक होऊन गेले. पालिवाल ब्राह्मणांनी खडकाळ उताराचं पाणी बांध घालून सखल जमिनीत अडवलं, ते मुरू दिलं आणि त्या ओलीवर रब्बी पेरली. याला खडीन म्हणतात, आणि काही खडीनांत आजही पीक निघतं. याच पालिवालांचं कुलधरा गाव एकोणिसाव्या शतकात ओस पडलं. लोक का गेले याबद्दल दिवाण सालमसिंहाच्या जुलमाची कथा सांगतात, पाणी आटल्याचंही सांगतात. गाइड मात्र भुताची सांगतो, कारण तिला गिऱ्हाईक आहे. पाहुणे आले तर त्यांना भूत जरूर दाखवावं. तुम्ही स्वतः एकदा खडीन पाहून या. ते दाखवायला फारसं कोणी येणार नाही, विचारत विचारत जावं लागेल.

पाऊस जोरात आला तर पेढे वाटण्याची घाई करू नये. ऑगस्ट २००६ मध्ये शेजारच्या बाडमेर जिल्ह्यात कवासच्या परिसरात पूर आला, माणसं आणि जनावरं दगावली, आणि जमिनीखाली जिप्समचा थर असल्याने पाणी कित्येक महिने मुरेना. वाळवंटात बुडून मरता येतं, हे विमा एजंटालाही तेव्हाच कळलं.

उकाड्याविषयी थोडक्यात. शेजारच्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली, तो देशातला उच्चांक आहे. तेव्हा नागपूरकरांनी आपल्या उन्हाचा मोठेपणा इथे सांगू नये, लोक ऐकून घेतात पण आदर राहत नाही. दुपारी बारा ते पाच लू वाहते, त्या वेळात बाहेर फक्त बकऱ्या आणि नुकतेच रुजू झालेले अधिकारी दिसतात. इथली पिवळ्या दगडाची जुनी घरं जाड भिंतींची आणि जाळीदार आहेत, ती मिळाली तर भाड्याने घ्या, नवा काचेचा फ्लॅट दाखवणाऱ्या दलालाला नमस्कार करा. किल्ल्याच्या आत राहण्याची हौस मात्र आवरा. ११५६ मध्ये रावळ जैसलने बसवलेल्या या किल्ल्यात आजही हजारो लोक राहतात, आणि त्यांच्या नळांचं आणि सांडपाण्याचं पाणी मुरून पाया खचतो आहे. आठ शतकं शत्रूला न जमलेलं काम आता न्हाणीघरं करताहेत, त्यात आपल्या एका कुटुंबाची भर नको.

जूनमध्ये पावणेआठपर्यंत उजेड असतो, जानेवारीत सकाळचे सव्वासात वाजून गेले तरी सूर्य येत नाही. घड्याळ दिल्लीचं, ऊन सिंधचं. मुलांना शाळेसाठी अंधारात उठवताना हे भूगोलाचं ज्ञान कामी येतं, मुलं उठत नाहीत ते वेगळं. बूट झटकल्याशिवाय पाय घालू नये. जमिनीवर गादी टाकून झोपू नये. ‘पीवणा’ नावाचा साप झोपलेल्याच्या छातीवर बसून श्वास पितो, असं इथे गावोगाव सांगतात. तो बहुधा मण्यार जातीचा असतो, श्वास पीत नाही, चावतो, पण दंश इतका हलका की माणसाला झोपेत कळत नाही. म्हणजे लोककथा चूक असली तरी खाट बरोबरच आहे.

जेवणाची काळजी करू नका. बाजरीचा सोगरा म्हणजे आपली भाकरीच, जरा जाड आणि तुपात पोहलेली. पालेभाजी विसरा. इथे केर-सांगरी खातात, आणि सांगरी म्हणजे शमीच्या शेंगा. आपण दसऱ्याला ज्या झाडाला हात जोडतो त्याची इथे फोडणीला घालून भाजी होते. पंचकुटा म्हणजे पाच वाळवणांची भाजी, तिच्यात गुंदा म्हणजे आपलं भोकरही असतं. सगळं वाळवलेलं, वर्षभर टिकणारं, दुष्काळाने शिकवलेला स्वयंपाक. पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत तो आता ‘रॉयल थाळी’त येतो आणि त्याचे पैसेही रॉयल पडतात.

बोलण्याबाबत सूचना अशी की नावापुढे ‘सा’ लावायला शिका. बापूसा, बाईसा, मास्टरसा. होकाराला ‘हुकम’. आपली मराठी माणसं ‘काय पाहिजे?’ असं काउंटरवर विचारतात, त्यात राग नसतो, पण समोरच्याला तो ऐकू येतो. इथे आधी राम राम सा, मग पाऊसपाणी, मग घरच्या सगळ्यांची विचारपूस, मग गुरंढोरं, आणि मग जाता जाता, जणू आठवलं म्हणून, कर्जाचा अर्ज. पाच मिनिटांच्या कामाला अर्धा तास धरा. एकदा सवय झाली की नाशिकला परत बदली झाल्यावर लोक तुम्हाला तुसडे वाटू लागतात.

आणि या गप्पांतच कधीतरी खरी सीमा भेटते. खातं उघडायला आलेले एक आजोबा वारसाच्या रकान्यात बहिणीचं नाव सांगतात, पत्ता विचारला की ‘उमरकोट’ म्हणतात. उमरकोट सिंधमध्ये आहे. तिथले सोढा राजपूत एकाच कुळातले, म्हणून आपसांत लग्न करत नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या इकडच्या भाटी-राठोडांशी सोयरीक करतात. फाळणी झाली तरी वऱ्हाडं थांबली नाहीत. १९६५ च्या युद्धात रेल्वे तुटली. २००६ मध्ये मुनाबाव-खोखरापार मार्गे थार एक्स्प्रेस सुरू झाली, ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा बंद पडली, आणि काहींची लग्नं लागून नवऱ्या पलीकडेच अडकल्या. असा रकाना पुढे आला की नियमपुस्तिका मिटून ठेवा, चहा मागवा आणि मुख्य कार्यालयाला पत्र लिहा. उत्तर येणार नाही. आजोबा दर महिन्याला विचारायला येतील, त्यांच्यासमोर बसून उत्तर न येण्याची पद्धत शिकावी लागते.

सिमकार्डाचं लक्षात ठेवा. पलीकडच्या टॉवरची रेंज अलीकडे पोचते, म्हणून सीमाभागात पाकिस्तानी सिम वापरण्यावर प्रशासनाचे बंदी आदेश निघत असतात. पाकिस्तानचं घड्याळ आपल्या अर्धा तास मागे आहे. उशिरा आलेल्या कारकुनाने ‘मोबाइलने तिकडची वेळ पकडली’ असं सांगितलं तर तो गावात राहतो की कुंपणापाशी, हे आधी तपासा.

तणावाच्या काळासाठी वेगळी सूचना. मे २०२५ मध्ये ८ तारखेच्या रात्री जैसलमेरवर ड्रोन आले, हवाई संरक्षण यंत्रणेने ते आकाशातच पाडले, शहर अंधारात ठेवलं गेलं. अशा वेळी दिवे, फळीवरचा देवाचा बल्ब आणि इन्व्हर्टरचा हिरवा ठिपकासुद्धा झाका, पडदे ओढा, गच्चीवर चित्रीकरणाला जाऊ नका, आणि फोनची बॅटरी मराठी नातेवाइकांसाठी राखून ठेवा. त्यांचे फोन येतातच. तुमच्या डोक्यावर काय चाललं आहे ते तुम्हाला ठाऊक नसतं, त्यांना असतं. त्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदरावर हल्ला झाल्याचं सांगून टाकलं होतं, ते खोटं निघालं, पण मामांनी तोवर शेजारी बर्फी वाटली होती. त्यांना खोटं ठरवू नका. शेजारच्या घरातली आजी अंधारात चाचपडत येईल आणि विचारेल, टाकीत पाणी भरून ठेवलं का? तिने १९६५ पाहिलं, १९७१ पाहिलं, आणि पोखरणला १९७४ आणि १९९८ मध्ये जमीन हादरली तेव्हाही ती इथेच होती. तिचं ऐका.

उरले पाहुणे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तुमचं घर म्हणजे धर्मशाळा. प्रत्येकाला वाळूत सूर्यास्त, उंट, तनोट आणि लोंगेवाला हवं असतं. तनोटच्या देवळात १९६५ मध्ये न फुटलेले बॉम्ब ठेवले आहेत, आणि पूजाअर्चा सीमा सुरक्षा दलाचे जवान करतात. तिथे पाहुणे आपसूक हळू बोलू लागतात, ही जमेची बाजू. लोंगेवालाला ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या तुकडीने रणगाडे रोखले. तिथे गेल्यावर पाहुण्यांपैकी एकजण ‘बॉर्डर’ सिनेमातले संवाद म्हणेल, त्याला म्हणू द्या, फक्त रणगाड्यावर चढू देऊ नका. समच्या वाळूच्या टेकड्यांवर पाहुणे उंटवाल्याशी भाव करताना मध्ये पडू नये. माळढोक दाखवण्याचं वचन देऊ नये. सोलापूरच्या नान्नजला जो दिसेनासा झाला तोच पक्षी इथे गोडावण या नावाने तग धरून आहे, आणि विजेच्या तारांना आपटून मरतो आहे. या तारा पवनचक्क्यांच्या आणि सौर प्रकल्पांच्या. तुमची नोकरी त्यातलीच असेल तर हा विषय जेवताना काढू नका.

परतीच्या गाडीत बसवताना प्रत्येकाच्या हातात केर-सांगरीचं पाकीट द्या आणि रात्रभर भिजवून, दोन-तीनदा पाणी बदलून मगच शिजवायची, हे बजावून सांगा. वहिनी ‘हो हो’ म्हणतात आणि ऐकत नाहीत. चौथ्या दिवशी ठाण्याहून फोन येतो, भाजी कडू झाली, वर काड्यांसारखी लागते, तुम्ही लोक तिकडे खाता तरी काय. तेव्हा कालव्याला पाणी सोडलेलं असतं, टाकी भरत असते आणि नळावर बादली लावलेली असते, त्यामुळे फोन मुलाकडे द्यावा.