श्री. प्रोजेक्टराव यांस खुले पत्र

श्रीयुत प्रोजेक्टराव,
मु. पो. दप्तराचा खालचा कप्पा.



वक्तशीरपणा शिकावा तर तुमच्याकडून. रात्री पावणेदहा म्हणजे पावणेदहा. भांडी घासून पालथी घातलेली असतात, सकाळच्या डब्याची भाजी निवडून फ्रिजात गेलेली असते, ओटा पुसून झालेला असतो आणि कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याने शटर अर्धं खाली ओढलेलं असतं. नेमके त्याच वेळी आमचे चिरंजीव पांघरुणातून डोकं बाहेर काढतात. "आई, उद्या प्रोजेक्ट द्यायचाय." विषय? "वाहतुकीची साधने." कधी सांगितला होता? "मागच्या सोमवारी." एवढे दिवस तुम्ही दप्तरात, डब्यातून गळलेल्या तेलाच्या शेजारी, चुरगळलेल्या चिठ्ठीच्या रूपाने इतके निवांत कसे पडून राहता, याचं मला मनापासून कौतुक आहे. आम्हाला घरात तेवढा निवांतपणा मिळत नाही.

मग ह्यांना चपला घालायला लावून पिटाळायचं. शटरखालून वाकून मागायचं: चार्ट पेपर, घोटीव कागद, गोंद, स्केचपेन (घरातली आहेत, पण नेमका निळा वाळलाय). स्टेशनरीवाल्याला विषय सांगावा लागत नाही. "तिसरी का?" एवढंच तो विचारतो आणि चित्रांचा तक्ता काढून देतो. या तक्त्यावर विमान, बैलगाडी आणि आगगाडी एकाच मापाची असते आणि आगगाडी अजून कोळशावर चालते. चित्रं कापायची, चिकटवायची, खाली नावं लिहायची. यातून मुलाला वाहतुकीबद्दल काय कळतं ते तुम्हीच जाणा. ज्या सिटी बसने तो रोज आजीकडे जातो ती त्या तक्त्यावर नसते.

थर्माकोलचं तर बोलायलाच नको. महाराष्ट्र सरकारने मार्च 2018 मध्ये अधिसूचना काढून प्लास्टिकच्या पिशव्यांबरोबर थर्माकोलवरही बंदी घातली. पुढे 1 जुलै 2022 पासून सजावटीचं थर्माकोल देशभर बंद झालं. हे सगळं ठाऊक असूनही तुम्ही विषय धाडता 'पर्यावरण वाचवा' आणि खाली बारीक अक्षरात 'मॉडेल आणावे'. दुकानदार इकडेतिकडे बघून हळूच विचारतो, "शाळेसाठी ना?" आणि आतून एक पांढरी शीट येते. कायदा मोडून वसुंधरा वाचवायचं शिक्षण आमच्या घरी डायनिंग टेबलावर चालतं, आणि ते पांढरे दाणे पुढचे पंधरा दिवस पंख्याच्या वाऱ्यावर उडत आमटीत उतरतात. चांद्रयान-3 चंद्रावर उतरलं 23 ऑगस्ट 2023 रोजी; आमच्या इमारतीत ते अजून दर वर्षी उतरतंय, दर मजल्यावर, पोळ्या गुंडाळायच्या फॉइलमध्ये.

एरवी तुमचं घराणं मोठं, हे मला मान्य आहे. अमेरिकेत विल्यम किल्पॅट्रिक यांनी 1918 साली प्रकल्प पद्धतीवर निबंध लिहिला, त्याचं सार हेच की मुलाने स्वतःच्या मनाने एखादं काम ठरवावं आणि जीव ओतून ते तडीला न्यावं. आपल्याकडे 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिकवण्याचा विचार मांडला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शंख, शिंपले, बिया, पानं असल्या आसपासच्या वस्तूंमधून आदिवासी मुलांची बालवाडी उभी केली. तिथे कुणी रात्री मार्बल पेपर शोधत हिंडत नव्हतं. अशा थोर कुळात जन्मून तुम्ही शेवटी चमकीच्या ट्यूबपाशी आलात. घराण्याचं नाव काढलंत!

कायद्यातून निसटण्याची तुमची हातोटीही वाखाणण्यासारखी. केंद्राच्या 2020 सालच्या दप्तर धोरणात लिहिलंय की दुसरीपर्यंत गृहपाठ नको, आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. पण तुम्ही गृहपाठात मोडतच नाही. महाराष्ट्रात 2010 पासून सातत्यपूर्ण मूल्यमापन आलं, त्यात आकारिक मूल्यमापनाच्या साधनांमध्ये निरीक्षण, तोंडी काम, चाचणी यांच्या पंगतीत तुम्हाला मानाचा पाट मिळाला. मुलावर एका परीक्षेचा बोजा पडू नये, म्हणून ही सोय. बोजा खरंच उतरला हो. उतरून तो कुठे बसला, ते रात्री अकरा वाजता आमच्या खिडक्यांमधले दिवे बघून कुणीही सांगेल.

आता ह्यांच्याबद्दल. केंद्र सरकारने 2024 साली लोकांचा वेळ कुठे जातो याची पाहणी केली. घरच्यांची देखभाल करणाऱ्या 15 ते 59 वयातल्या बायका त्यापायी दिवसाला सुमारे 140 मिनिटं घालवतात, पुरुष 74. तुम्ही आलात की आमच्या घरचा हिशेब उलटतो, याचं श्रेय तुम्हाला द्यायलाच हवं. चार्ट असेल तर तो माझा. पण 'मॉडेल' हा शब्द कानावर पडला की ह्यांच्यातला झोपलेला इंजिनिअर जागा होतो. मुलाला ताप आला तर थर्मामीटर कुठे ठेवलाय हे ज्यांना माहीत नसतं, त्यांना माळ्यावरच्या कुठल्या खोक्यात जुन्या खेळण्याची मोटर आहे ते बरोबर आठवतं. मग सोल्डरिंग गन निघते. जमिनीवर पेपर अंथरले जातात. ज्याचा प्रोजेक्ट तो विद्यार्थी मोबाइलचा टॉर्च धरून उभा असतो आणि त्याला दर दोन मिनिटांनी ऐकवलं जातं, "हात लावू नकोस, ओलं आहे." साडेअकराला तो उभ्या उभ्या पेंगायला लागतो. बारा वाजता पवनचक्की फिरते. हे टाळी मागतात. ती मी देते आणि मग केर काढते.

शाळेतल्या प्रदर्शनाला मी गेले होते, म्हणजे जावंच लागलं. काय एकेक नग मांडले होते! विजेवर चालणारं धरण, दिवे लागणारं स्मार्ट शहर, तयार विकत आणलेली पचनसंस्था (दुकानाचं लेबल खरवडायचं राहून गेलेलं). एका मुलाला मी विचारलं, "बाळा, हे चालतं कसं?" तो म्हणाला, "बाबांना माहितीये." त्या हॉलमध्ये तेवढं एकच विधान स्वतःच्या डोक्याने केलेलं होतं. नाही, चुकले. खिडकीजवळ, मागच्या बाकावर, एका मुलीचा चार्ट होता. तिने शीर्षक एवढ्या मोठ्या अक्षरात सुरू केलं होतं की 'वाहतुकीची सा' इथेच कागद संपला. उरलेले 'धने' खालच्या ओळीत उतरले होते. खाली तिच्या काकांची रिक्षा काढली होती, मीटरसकट, आणि मीटरवर आकडा सुद्धा. मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. बक्षीस अर्थातच धरणाला गेलं. वर्गाच्या बाईंनाही बोल लावता येत नाही; पन्नासेक पोरांच्या वस्तूंवर शेरे लिहायचे, पालकांचा मान राखायचा आणि वर ते सगळं ठेवायला एकच कपाट.

एक सांगू का, प्रोजेक्टराव? तुमचे एक गरीब नातलग दर दिवाळीत आमच्या इमारतीच्या मागे येतात. किल्ला म्हणतात त्यांना. सहामाहीचा शेवटचा पेपर देऊन मुलं थेट तिथे जातात. विटा कुणाच्या तरी बांधकामावरून येतात (विचारू नये), गोणपाट चिखलात बुडवून डोंगर होतो, उतारावर हळीव पेरतात. बालेकिल्ला कुठे यावा यावरून दोन दिवस बोलणी बंद असतात. राजगडाच्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या आमच्या चिरंजीवांना तोंडपाठ आहेत आणि कुठली कुठल्या दिशेला पसरलीय ते तो काडीने मातीत काढून दाखवतो; इतिहासाच्या पेपरात मात्र सनावळी खातो. मावळा दरवाज्यापेक्षा उंच असतो, वाघ बुरुजाएवढा. बाबांपैकी कुणी सूचना करायला गेलंच तर "काका, आम्ही करतोय ना" असं ऐकून परत येतं. माझ्याकडे फक्त बादली मागतात, ती परत देत नाहीत. त्या किल्ल्याला गुण नाहीत, शेरा नाही, शेवटची तारीख नाही. तो पूर्ण होतो मात्र दर वर्षी, भाऊबीजेच्या आत.

तुम्हाला त्यांची ओळख करून द्यायची माझी फार इच्छा आहे, पण तुम्ही पडलात मोठ्या कुळातले.

तेव्हा आता कामाचं. यापुढे यायचंच असेल तर शुक्रवारी या, दिवसाउजेडी, दुकानं उघडी असताना. थर्माकोल घेऊन येणार असाल तर दंडाची पावती तुमच्या नावाने फाडली जाईल. 'पालकांच्या मदतीने' ही ओळ खोडा. किंवा मग गुणपत्रिकेवर पालकांचंही नाव छापा, म्हणजे ह्यांना निदान पवनचक्कीचे गुण स्वतःच्या नावावर लावता येतील. आणि त्या रिक्षावाल्या चार्टला पुढच्या बाकावर जागा द्या. शीर्षक खालच्या ओळीत गेलं तर जाऊ दे.

कळावे. लोभ कमी करावा, ही विनंती.

आपली (इलाज नाही म्हणून),
तिसरी 'ब' मधल्या एकाची आई

ता. क. : आत्ता, रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी, सोसायटीच्या ग्रुपवर "कुणाकडे प्लास्टिकचे स्ट्रॉ आहेत का? अर्जंट!!" असं विचारणाऱ्या बी विंगमधल्या ताईंसाठी. ते स्ट्रॉही 2022 पासून बंद आहेत. माझ्याकडे डझनभर आहेत. जिन्याने या, लिफ्टच्या आवाजाने तिसऱ्या मजल्यावरची जागी होते, आणि तिलाही हवेच असणार.